एका पाऊचमधले दोन कागद

माझं काम जुने कागद दुरुस्त करण्याचं. बर्मिंगहॅमच्या एका दफ्तरखान्यात बरीच वर्षं केलं, आता घरच्या गॅरेजमध्ये करते. गाडी बाहेर पावसात उभी असते आणि आत लांब टेबल, दिवे, वास ओढून घेणारा पंखा आणि कागद. लोक मला फोन करतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पाइप फुटलेला असतो, उंदरांनी जेवण उरकलेलं असतं, नाहीतर कुणीतरी प्रेमाने काहीतरी करून ठेवलेलं असतं. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट.

लंडनजवळच्या पिनरमध्ये राहणाऱ्या काकांचा फोन तिसऱ्या प्रकारातला होता.

काका नात्याचे नाहीत. निवृत्त डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलांमध्ये आयुष्यभर लोकांची हाडं जोडली. मी या देशात आले तेव्हा पहिले तीन आठवडे त्यांच्याकडे राहिले, त्यामुळे त्यांच्या फोनला नाही म्हणायची सोय नव्हती.

"तुझ्या कामाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वीचे अमेरिकन कागद सापडलेत घरात. मी व्यवस्थित लॅमिनेट करून ठेवलेत. तू फक्त मधून उघडून द्यायचं."

"मधून म्हणजे?"

"दोन कागद आहेत ना. पाठीला पाठ लावून एकाच पाऊचमध्ये घातलेत. आता मागची बाजू वाचायची आहे."

रविवारी येते म्हणून मी फोन ठेवला. आणखी बोलले असते तर वाईट बोलले असते.

मी वाढले त्या घरात कागदाला मान द्यायची एकच रीत होती. दहावीची मार्कलिस्ट, डोमिसाइल, डिग्री, जे हातात पडेल ते त्याच दिवशी कॉलेजसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात न्यायचं. मशीनमधून कागद गरम आणि कडक होऊन बाहेर यायचा, आणि वडील तो वाजवून बघत म्हणायचे, "झालं. आता आयुष्यभराची काळजी मिटली." पुढे त्याच डिग्रीवर सरकारी शिक्का मारून घ्यायला गेले तर साहेबांनी ती परत केली. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. तरी आमच्या लोकांची श्रद्धा ढळत नाही. शिवाय मार्कलिस्टला एकच बाजू असते. मागे बारीक अक्षरात नियम असतात, ते कुणी वाचत नाही. काकांनी त्या कागदांना मार्कलिस्टसारखं वागवलं होतं.

रविवारी मी पिनरला गेले. दार काकूंनी उघडलं.

"ये. आरोपी आत बसलाय."

काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर पाऊच, त्याखाली स्वच्छ टॉवेल. ऑपरेशनची तयारी करावी तसं मांडलं होतं. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकिणीचं लिहायचं जुनं मेज मागे राहिलं होतं. त्याचा एक खण नीट बसेना म्हणून काकांनी बाहेर ओढला, तर मागच्या फटीत हे दोन कागद चेपून बसलेले.

दोन्ही कागद एकाच मापाचे होते. पहिला कागद म्हणजे मुक्तीपत्र. अमेरिका हा देश नवा नवा होता तेव्हा फिलाडेल्फियाच्या एका व्यापाऱ्याने आपल्या मालकीच्या बाईला गुलामीतून मोकळं केल्याचं लिहून दिलं होतं. बाईचं वय, उंची, रंग, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग.

"आपल्या जुन्या पासपोर्टवर ओळखखूण असायची बघ, तसंच," काका म्हणाले.

"आपल्याला कुणी विकत घेतलेलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

दुसरा कागद म्हणजे त्याच व्यापाऱ्याने इंग्लंडमधल्या आपल्या बहिणीला लिहिलेलं पत्र. ही बाई मोलकरीण म्हणून तुझ्याकडे पाठवतो आहे, शिवणकाम चांगलं करते, तिची मुक्तीची चिठ्ठी तिच्याजवळ नको, तुझ्याजवळ ठेव. जहाजाबद्दल चार ओळी, हवेबद्दल दोन. आणि पानाच्या अगदी तळाशी: "तिच्या मुलीबद्दल म्हणशील, तर मी असे ठरवले आहे की"

पान संपलं. उरलेलं वाक्य पाठीमागे, म्हणजे पाऊचच्या आत.

"हे तुम्ही लॅमिनेट करायच्या आधी वाचलं नव्हतं?" मी विचारलं.

"पुढचं वाचलं. ते अक्षर लागायलाच मला आठवडा लागला. मागे चारपाच ओळी होत्या, फिकट. मला वाटलं पत्ता वगैरे असेल."

हे सगळं इथेच संपलं असतं. काकांनी तो पाऊच पाहुण्यांना दाखवला असता आणि पाहुण्यांनी वा वा म्हटलं असतं. पण त्यांच्या नातीने पाऊचच्या दोन्ही बाजूंचे फोटो घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांच्या एका वेबसाइटवर टाकले. दोन महिन्यांनी अमेरिकेहून एका सत्तरी उलटलेल्या बाईंची ईमेल आली. त्या हौशी वंशावळवाल्या नव्हत्या. हौशी लोक शंभर प्रश्न विचारतात, यांनी एकच विचारला होता.

काकांनी ती ईमेल छापून ठेवली होती. (ती लॅमिनेट केलेली नव्हती, हे मी आधी बघून घेतलं.) कागदांवरच्या नावांवरून त्यांनी ओळखलं होतं, त्या मागे राहिलेल्या मुलीच्या वंशातल्या. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की आईने स्वतःची सुटका करून घेतली आणि पोरीला टाकून निघून गेली. घरातली कुठलीही मुलगी शिकायला, नोकरीला दुसऱ्या गावी निघाली की कुणीतरी म्हणायचंच, "निघालीस, तिच्यासारखी?" या बाईंनाही ते ऐकावं लागलं होतं, आणि पुढे त्यांनी स्वतःच्या मुलीलाही तेच ऐकवलं होतं. त्याची त्यांना लाज वाटत होती. फोटोतली शेवटची ओळ वाचून त्यांनी विचारलं होतं: पुढे काय लिहिलं आहे? ती खरंच टाकून गेली का?

आणि खाली, तिकीट काढलं आहे, गुरुवारी पोचते.

मी पाऊच उचलून खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही कागदांचं लिखाण एकावर एक दिसत होतं, पुढचं, मागचं, उलटं, सुलटं. एक शब्द लागेना. कागद पाऊचमध्ये नुसते पाठीला पाठ लावून ठेवले असते तर काम सोपं होतं, कारण लॅमिनेशनचा चिकट थर फक्त बाहेरच्या बाजूंना लागतो. कड कापली की कागद सुटे. पण मी बोटाने दाबून पाहिलं तर कागद एकमेकांवरून सरकत नव्हते.

"काका, आत गोंद लावलाय?"

काका काकूंकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता? सांगा तिला."

"थोडासा," काका म्हणाले. "मशीनमध्ये सरकू नयेत म्हणून. ग्लू स्टिक. चार कोपऱ्यांना फक्त."

"आणि मधे," काकू म्हणाल्या.

"मधे अगदी ठिपका."

"ठिपका! दोन रुपयांच्या नाण्याएवढा. मी मावले असते त्या मशीनमध्ये तर यांनी माझंही केलं असतं लॅमिनेशन. आधी गोंद लावून."

मी हसले नाही. त्या काळच्या शाईत लोखंड असतं. ती कागदात मुरते आणि वर्षानुवर्षं अक्षराखालचा कागद हळूहळू खाते. ओल लागली तर पसरते. गोंद सोडवायला ओल हवी, आणि ओल लावायची तर शाई तिथेच. शिवाय मशीनच्या उष्णतेने गोंद भाजून घट्ट झालेला. काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी आयुष्यात अनेकांना वाईट बातम्या दिल्या असतील, त्यामुळे ऐकायची पद्धत त्यांना माहीत होती. मधे बोलले नाहीत. शेवटी विचारलं, "वाचण्याची शक्यता किती?"

"आकडा देणार नाही. कोपरे सुटतील. मधलं माहीत नाही."

"त्यांना येऊ नका म्हणून कळवू?"

"तिकीट काढलंय त्यांनी," काकू म्हणाल्या. "आणि काय कळवणार? आम्ही तुमची आजी चिकटवून टाकली?"

गुरुवारी काका, काकू आणि त्या बाई पाऊच घेऊन ट्रेनने बर्मिंगहॅमला माझ्याकडे आले. पाहुण्या बाई उंच, ताठ, केस अगदी बारीक कापलेले. शाळेत गणित शिकवलेलं. त्यांनी कोट काढला, हात धुतले, कुणी न सांगता अंगठ्या पर्समध्ये टाकल्या. मला त्या आवडल्या. काका सारखे माफी मागत होते. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही ते फेकून दिलं नाहीत. आता जरा शांत बसा."

मी आधी काय करणार ते सांगितलं. पुढचं प्लास्टिक आज काढणार नाही. ते महिन्यांचं काम, आणि घड्यांवर पत्र इतकं फाटलं होतं की आत्ता तेच प्लास्टिक त्याला धरून ठेवत होतं. आज फक्त दोन कागद एकमेकांपासून सोडवायचे. कुठे अडलं तर मी थांबेन आणि विचारेन.

"कुणाला?" बाईंनी विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. कागद त्यांचे होते.

"यांना," काका म्हणाले. "मला विचारू नकोस. माझं याच्यात पुरेसं करून झालंय."

तीन बाजूंची कड कापली. एकीकडून बांबूची पातळ पट्टी आत सरकवली. पहिला कोपरा पाच मिनिटांत सुटला. दुसरा त्याहून लवकर. तिसऱ्याला चरचर आवाज झाला आणि काकूंनी टेबलाची कड पकडली, पण तो गोंद तडकल्याचा आवाज होता. चौथाही सुटला. आता मी दोन्ही कागद पुस्तकासारखे थोडे उघडू शकत होते, आणि आत वाकून पाहिलं तर ओळींच्या सुरुवाती आणि शेवट दिसत होते. मधे तो ठिपका. नाण्याहून मोठा होता.

"काय दिसतंय?" बाई म्हणाल्या.

"पहिल्या ओळीची सुरुवात. 'ती येथेच राहील.'"

 बाईंनी मान हलवली. ती राहिली हे त्यांना माहीतच होतं. त्या राहिलेल्या मुलीचीच तर त्या पणती-खापरपणती होत्या.

"आई कुठे आहे त्यात?"

"दुसऱ्या ओळीत 'आई' शब्द दिसतो. त्याच्यापुढे गोंद."

मी कोरड्या पट्टीने ठिपक्याच्या कडेला लागले. हलला नाही. दुसरी बाजू घेतली. तीही नाही. जोर लावला तर एका कागदाची साल निघणार, आणि ती कुठल्या कागदाची हे मला पट्टीच्या कोनावरून ठरवता येत होतं, तेही अंदाजानेच. पट्टी पत्राकडे झुकवली तर अक्षरं जाणार. मुक्तीपत्राकडे झुकवली तर त्याची पाठ सोलली जाणार.

"काका, मुक्तीपत्राच्या मागे काही लिहिलेलं होतं?"

"नव्हतं."

"नक्की?"

"नक्की." मग थोडं थांबून, "बहुतेक."

"यांचं बहुतेक म्हणजे देव जाणे," काकू पुटपुटल्या.

मी बाईंना इंग्रजीत सगळं सांगितलं. ओल्या टिश्यूची बारीक पट्टी आत सरकवून गोंद मऊ करता येईल. ती नेमकी कुठे बसते ते मला दिसणार नाही, बोटाला कळेल तेवढंच. शाई पसरू शकते. मुक्तीपत्राच्या पाठीवर काही असेल तर ते जाऊ शकतं. आत्ता थांबलो तर कागद असेच राहतील, आणि पुढे कधी कुणाकडे याहून चांगला उपाय येईलही. असं मी पुष्कळ लोकांना सांगते आणि बहुतेक जण थांबतात. थांबणंच शहाणपणाचं असतं. माझं स्वतःचं मतही तेच होतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

बाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"माझी मोठी बहीण ब्याऐंशीची आहे," त्या म्हणाल्या. "पुढे कधी म्हणजे कधी?"

"माहीत नाही."

"मग करा."

अर्धं पाणी, अर्धं अल्कोहोल. टिश्यू भिजवला, टिपकागदावर दोनदा टेकवून जवळजवळ कोरडा केला, पट्टीच्या टोकाला गुंडाळून आत सरकवला. कोन मुक्तीपत्राच्या बाजूला. घड्याळ लावलं. दोन मिनिटं. काहीच नाही. दुसरा टिश्यू. काका घड्याळाकडे नाही, माझ्या मनगटाकडे बघत होते. जुनी सवय असणार. तिसऱ्या टिश्यूला एका बाजूने किंचित सैल वाटलं. मी पट्टी अर्धा मिलिमीटर पुढे नेली. टिश्यू बाहेर काढला तर टोकाला तपकिरी डाग होता.

"काय आहे ते?" बाईंनी विचारलं.

"शाई."

"कुठल्या कागदाची?"

"माहीत नाही."

मी थांबायला हवं होतं का? नियमाने हो. पण आता मधे ओल होती, आणि ओल तशीच ठेवून कागद मिटणं हे सगळ्यात वाईट झालं असतं. पुढेच जायला लागणार होतं. मी कोरडी पट्टी घेतली, तळहात टेबलावर टेकवला आणि ढकलायच्या ऐवजी पट्टी जागच्या जागी हलवत राहिले, भाकरी तव्यावरून सोडवतात तशी, सगळीकडून थोडी थोडी. किती वेळ गेला सांगता येणार नाही. काकू म्हणतात वीस मिनिटं. मग हातातला ताण एकदम संपला आणि वरचा कागद मोकळा होऊन माझ्या डाव्या हातात आला.

मी आधी मुक्तीपत्राची पाठ पाहिली. कोरी होती. मधे बोटभर साल गेलेली. काकांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

ती साल पत्रावर चिकटून बसली होती. तिच्या कडेने एका अक्षराची शाई थोडी पसरली होती, वाचता येईल इतपतच. पण सालीखाली दोन शब्द झाकले गेले होते. बाकी सगळं उघडं. फिकट, तपकिरी, व्यवस्थित हिशेबी अक्षर.

"तुम्ही वाचा," बाई म्हणाल्या. "माझा चष्मा पर्समध्येच राहू दे. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. मराठीत ते असं होईल:

"ती येथेच राहील. कायद्याने ती अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत माझी आहे आणि तिला सोडण्याचा माझा विचार नाही. आईने मुलीशिवाय जहाजावर पाय ठेवण्यास नकार दिला. दोनदा तिला बंदरावरून परत आणावे लागले. शेवटी मी तिला सांगितले की मुलगी" इथे साल "तुझ्याकडे पाठवू. तूही तिला तसेच सांगत राहा. एकदा मध्ये समुद्र आला की तिचे काही चालणार नाही."

खाली सही.

 काकूंनी पदर नसताना पदर शोधल्यासारखा हात खांद्याकडे नेला आणि परत खाली आणला. बाईंनी पर्स उघडली, चष्मा काढला, पुसला, घातला आणि वाकून स्वतः एक ओळ शोधली. बोट कागदाला न लावता हवेतच त्या ओळीवरून फिरवलं.

"दोनदा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की ती साल काढायचा प्रयत्न करता येईल. आज नाही, दोन आठवड्यांनी, कागद स्थिरावल्यावर. खाली बहुधा केव्हा किंवा कुणाबरोबर असं काहीतरी असेल. अक्षरं सालीबरोबर निघूनही येतील, खात्री नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "तिला नेमकं काय खोटं सांगितलं ते मला ऐकायचं नाही."

मग त्यांनी फोन काढला. अमेरिकेत पहाट होती. पलीकडे बराच वेळ कुणी उचलला नाही, मग एक घोगरा आवाज आला आणि बाई म्हणाल्या, "उठून बस. दिवा लाव. ती टाकून गेली नव्हती." आणि वाचायला लागल्या.

आम्ही तिघं स्वयंपाकघरात आलो. काकूंनी न विचारता माझ्या कपाटातून तांदूळ काढले आणि कुकर लावायला घेतला. काका खुर्चीच्या कडेवर बसले.

"माझ्यामुळे दोन शब्द गेले," ते म्हणाले.

"हो, काका," मी म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी मान हलवली. "आणि ती साल?"

"तीही."

"बरं," ते म्हणाले, आणि काकूंच्या हातातून तांदळाचं भांडं घेऊन नळाखाली धरलं. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. पलीकडच्या बहिणीला नीट ऐकू आलं नसावं, किंवा आलंही असेल. बाई तिसऱ्यांदा बंदराची तीच ओळ वाचत होत्या, सावकाश, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.